पंचमीच्या आधी की नंतर?

उपकेंद्राच्या नोंदवहीत गरोदर बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, वय लिहून झालं की एका रकान्याशी गाडी अडते: शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली? बीदर जिल्ह्यातल्या औराद आणि भालकी तालुक्यांत, नंतर काही वर्षं कलबुर्गीच्या आळंद भागात मी एएनएम म्हणून नोकरी केली, आणि त्या नोकरीचा मोठा भाग हा रकाना खरा भरण्यात गेला. बाया तारीख सांगत नाहीत, सण सांगतात. “पंचमीला बाहेर बसले होते, मग न्हाई.” पंचमीच्या आधी की नंतर? आधी, तर किती दिवस? माहेराहून भाऊ आला होता तेव्हा की तो गेल्यावर?

भिंतीवर सरकारी कानडी कॅलेंडर होतं. त्याच्या शेजारी मी घरून आणलेलं कालनिर्णय टांगलं होतं. कारहुणवी, पोळा, येळवस, मैलारची जत्रा या सगळ्या खुणांवर बोट ठेवत मागं जायचं. मुसलमान बाई असेल तर मोहरम किंवा रमजान. तिथं सावध राहावं लागतं, कारण ते सण दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतात आणि मागच्या वर्षीचा अंदाज चुकतो. येळवसचा उपयोग सगळ्यांत जास्त. त्या अमावस्येला घरदार शेतात जाऊन पांडवांची पूजा करतं आणि तिथंच जेवतं. बाहेर बसलेली बाई त्या पूजेला जात नाही. “येळवसला शेतात गेली होतीस का गं?” एवढं विचारलं की पुष्कळ वेळा तारीख दोन-तीन दिवसांच्या आत पकडता यायची. नर्सिंगच्या पुस्तकात हे नव्हतं. तिथं फक्त नऊ महिने सात दिवस मिळवा असं होतं.

या तारखेवर पुढचं सगळं उभं असतं. अकरा ते चौदा आठवड्यांच्या मध्ये मानेमागच्या पाण्याची सोनोग्राफी आणि रक्ताची डबल मार्कर चाचणी. अठरा ते वीस आठवड्यांत बाळाच्या अवयवांची सोनोग्राफी. गर्भपाताचा कायदाही आठवड्यांतच बोलतो: वीस, चोवीस. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंत. आमच्याकडं बाई पहिल्यांदा नोंदवायला यायची तेव्हा बऱ्याचदा चौथा सरलेला असायचा. दिवस गेलेले लवकर सांगितले तर दृष्ट लागते, अशी समजूत. आता मोबाइल आलाय, दुकानात पन्नास-साठ रुपयांत लघवीची पट्टी मिळते, मुली दुसऱ्या महिन्यातच येतात. त्या आल्या तशा चाचण्याही आल्या.

या चाचण्यांबद्दलचं माझं मत आधीच सांगते. मी चाचण्यांच्या विरोधात नाही. पण रक्त काढायला माणूस आहे, मशीनवर माणूस आहे, पैसे घ्यायला काउंटरवर माणूस आहे. आलेला कागद बाईला तिच्या भाषेत समजावून सांगायला मात्र कुणी नेमलेलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर जेवढं नुकसान झालं त्यातलं बरंचसं या रिकाम्या जागेत झालं.

कमलनगरकडची एक मुलगी. चोवीस-पंचवीस वय, डीएड झालेली, पहिलटकरीण. माहेर उदगीरचं, म्हणून तपासण्या तिकडंच. इथं बीदर-उदगीर हे दोन राज्यांत आहे असं कुणी धरत नाही. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे सगळे बीदर जिल्ह्याचेच तालुके होते. राज्यं वेगळी झाली, सोयरिकी तिथंच राहिल्या. तर ती डबल मार्करचा रिपोर्ट मोबाइलवर घेऊन आली, सोबत सासरा. रिपोर्टात तांबड्या चौकोनात इंग्रजीत ‘हाय रिस्क’ आणि पुढं १:१८०. सासऱ्यांनी विचारलं, “सिस्टर, लेकरू मतिमंद हाय म्हणलालेत. किती दिवसांत मोकळं करता येतंय?” मुलगी भिंतीकडं बघत होती. घरात बैठक होऊन निकाल लागलेला होता.

मी सासऱ्यांना बाहेर चहाला पाठवलं आणि तिला विचारलं, एकशे ऐंशीत एक याचा अर्थ तुला काय वाटतो? ती म्हणाली, बाळ ऐंशी टक्के खराब. डीएड झालेली मुलगी. तिचा दोष नाही, तांबडा चौकोन दिसला की हिशेब कुणाचाही सुटतो. मी वहीच्या पाठीमागं रेघा मारायला लागले. तुझ्यासारखा रिपोर्ट आलेल्या एकशे ऐंशी बायका ओळीनं उभ्या केल्या, तर एकशे एकोणऐंशींच्या बाळाला ही चाचणी ज्यासाठी आहे तो डाऊन सिंड्रोम नसतो, एकीच्या असतो. तुझ्या वयाला, चाचणी न करता, हा धोका हजार-दीड हजारात एक असा धरतात. म्हणजे वाढलाय खरा. पण ही चाळणी आहे, निदान नव्हे. अडीचशेत एकच्या वर गेलं की मशीन तांबडं करतं.

मग मी दोन कागद शेजारी ठेवले. रक्ताच्या फॉर्मवर पाळीची तारीख होती, ती सासूबाईंनी सांगितलेली, पंचमीच्या हिशेबानं. सोनोग्राफीत बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी होती आणि त्यावरून आठवडे काढलेले होते. दोन्हींत दहा दिवसांचा फरक. या चाचणीत पॅप-ए नावाचं एक द्रव्य मोजतात, ते या आठवड्यांत रोज वाढत जातं. दुसरं, बीटा एचसीजी, ते उतरत जातं. बाळ साडेअकरा आठवड्यांचं असताना ते तेरा आठवड्यांचं आहे असं लिहून दिलं तर पहिलं कमी दिसणार, दुसरं जास्त दिसणार. दोन्ही चुकीच्या बाजूला. मी तिला सोनोग्राफी केलेल्या डॉक्टरांकडं परत पाठवलं, त्यांनी लॅबला बाळाच्या मापावरून हिशेब पुन्हा करायला लावला. नवा आकडा हजाराच्या पुढं गेला, हिरव्या चौकोनात.

दर वेळी असं होत नाही. काही वेळा तारीख बरोबर असते आणि धोका खराच वाढलेला असतो. मग पुढची पायरी: एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तात फिरणाऱ्या बाळाच्या डीएनएची तपासणी. दहाव्या आठवड्यानंतर कधीही करता येते, अचूकता डबल मार्करपेक्षा खूप जास्त, आणि खर्च हजारोंत. पण तीही चाळणीच. खरं निदान पोटातलं पाणी काढून, पंधरा आठवडे झाल्यावर, आणि त्यासाठी आमच्या बायांना हैदराबाद किंवा सोलापूर गाठावं लागतं. गाडीभाडं, एक मुक्काम, सोबतच्या माणसाची बुडलेली मजुरी. शहरातल्या चर्चेत एनआयपीटी सगळ्यांना द्यावी की निवडक बायकांना, यावर वाद चालतो. आमच्याकडं प्रश्न त्याच्या आधीचा आहे. ज्या बाईला पुढची पायरी चढणं परवडणारच नाही, तिला पहिल्या पायरीवर उभं करताना हे सांगितलं जातं का? माझ्या अनुभवात, नाही. पाकिटात पाच-सहा चाचण्या बांधलेल्या असतात, बाई पाकीट घेते.

म्हणून कुणी मला म्हणालं की या तपासण्या म्हणजे धंदा आहे, पूर्वी काय बाळं होत नव्हती, तर मला राग येतो. पूर्वी काय होत होतं ते मी पाहिलेलं आहे.

आमच्या भागात मामाला भाची देतात, आणि मामाची मुलगी करणं तर सरसकट. सर्वसाधारण जोडप्यात जन्मजात व्यंगाचा धोका शंभरात दोन-तीन, आते-मामे भावंडांत तो साधारण दुप्पट होतो. मामा-भाचीचं रक्त त्याहून जवळचं. हे मी कधी रागावून सांगितलं नाही, कारण लग्न झाल्यावर रागावून उपयोग काय. अशाच एका घरात सोनोग्राफी पहिल्यांदा झाली ती सहावा संपताना. बाळाला कवटीच नव्हती. असं बाळ जगत नाही, यात कुणाचं दुमत नसतं. पण तेव्हा कायद्याची रेघ वीस आठवड्यांवर होती आणि कोर्टात जाण्याइतकं बळ त्या घरात नव्हतं. ती बाई उरलेले तीन महिने ते पोट घेऊन वावरली. शेजारणी ओटी भरायला बोलवायच्या, ती जायची. तिच्या जावेनं मला विचारलं, “बाई, हिला डोहाळे विचारावेत का न्हाई?” मला उत्तर देता आलं नाही.

२०२१ च्या दुरुस्तीनं ही रेघ बदलली. ठरावीक परिस्थितीतल्या बायकांना चोवीस आठवडे, आणि बाळात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या परवानगीनं त्याच्याही पुढं. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं अविवाहित मुलीलाही चोवीस आठवड्यांचा तोच हक्क दिला. कायदा म्हणून आपण पुष्कळ देशांच्या पुढं आहोत. बेळगावची सविता हलप्पनवार २०१२ मध्ये आयर्लंडात गेली, सतराव्या आठवड्यात गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट असूनही तिथं गर्भपात करून दिला नाही म्हणून. तिच्या मृत्यूनं त्या देशात वादळ उठलं आणि २०१८ मध्ये सार्वमत घेऊन त्यांनी घटना बदलली. आपल्याकडं १९७१ पासून कायदा आहे, आणि तरी आमच्या गावांत मोटारसायकलवरून नवरा मेडिकलात जाऊन पाच गोळ्यांचं किट आणतो आणि बायकोला देतो. आठवडे कोण मोजतं? रक्त थांबेना म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्याकडं आणायचे, चेहरा पांढराफटक, आणि सांगायचे पाळी जास्त गेलीय. मी न विचारताच पाकीट कुठंय म्हणायचे. पाकीट नवऱ्याच्या खिशातून निघायचं.

कवटी नसलेल्या बाळाच्या त्या बाईची गोष्ट पुढं चांगली झाली. मज्जारज्जू आणि मेंदूचं झाकण गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांतच बंद होतं. म्हणजे नोंदणी झाल्यावर आम्ही फोलिक ॲसिड वाटतो तेव्हा त्या कामापुरता उशीर झालेला असतो. एकदा असं बाळ झालेल्या बाईनं पुढचा गर्भ राहण्याआधीपासून मोठा डोस घेतला तर पुन्हा तसं होण्याचा धोका जवळपास तीन चतुर्थांशानं कमी होतो, हे १९९१ मध्येच ब्रिटिश चाचणीनं दाखवलं होतं. गोळी काही रुपयांची. तिला ती काही महिने आधीपासून चालू केली, सासूला सांगितलं की ही रक्ताची गोळी आहे, कारण मूल होण्याची गोळी म्हटलं असतं तर गावभर झालं असतं. पुढचं बाळ चांगलं झालं. आता ते शाळेत जातं.

गर्भलिंगनिदानाबद्दल न लिहिता हा विषय पुरा होत नाही, जरी लिहायचा कंटाळा आला आहे. महाराष्ट्रानं १९८८ मध्ये देशातला पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला, २००३ मध्ये तो कडक झाला. सोनोग्राफीच्या दारावर पाटी आली, एफ फॉर्म आला. त्याचा उपयोग झाला, पण सीमेवर कायद्याला एक भोक असतं. इकडं तपासण्या कडक झाल्या की बाई तिकडं जाते, तिकडं झाल्या की इकडं येते, कारण दोन्हीकडं तिचं कुणीतरी आहेच. दोन मुली असलेली बाई तिसऱ्या वेळी अचानक महिनाभर माहेरी गेली आणि परत आल्यावर “खाली झालं” म्हणाली, की आम्ही नर्सा एकमेकींकडं बघायचो. लिहायचं काय? पुरावा काही नसायचा.

आता काही मोठी माणसं म्हणतात, बंदी उठवा, लिंग सगळ्यांना सांगा आणि मुलगी असेल तर त्या गर्भावर लक्ष ठेवा. २०१६ मध्ये तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री मनेका गांधी असं म्हणाल्या होत्या, २०२४ मध्ये डॉक्टरांच्या संघटनेच्या अध्यक्षांनीही तसंच मांडलं. हे लक्ष ठेवणार कोण? मी आणि आशाताई. ज्या बाईच्या घरातल्यांना तिच्या पोटातली मुलगी नको आहे, त्यांना ती मुलगी आहे हे आम्हीच सांगायचं आणि मग पाच महिने तिच्या दारात पहारा द्यायचा. एका उपकेंद्राला पाच हजार लोकसंख्या, म्हणजे आमच्याकडं तीन-चार गावं आणि दोन तांडे. मुलगी असल्याचं कळल्यावर त्या बाईच्या ताटात काय पडेल, हे त्या माणसांना माहीत नसावं.

बाळंतपणाचं मात्र खरंच बदललं. मी नोकरीला लागले तेव्हा घरी सुईणीच्या हातून होणारी बाळंतपणं जास्त होती. आता घरी झालेलं बाळंतपण ही बातमी होते. तरीही २०१८-२० च्या सरकारी आकड्यांत लाख जिवंत जन्मांमागं मातामृत्यू महाराष्ट्रात ३३, तेलंगणात ४३ आणि कर्नाटकात ६९. कर्नाटकातला आमचा बीदर जिल्हा बाकीच्या दोन्ही राज्यांना चिकटलेला आहे. आमच्या बाया कुठल्याही बाजूला पळतात. तेलंगणात गेल्या तर निम्म्याहून जास्त वेळा सिझर होतं. तिथलं प्रमाण शंभरात साठच्या वर आहे. इकडं रक्त कमी. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन अकराच्या खाली निघालं. आम्ही तांबड्या गोळ्या वाटत राहिलो. त्या गोळ्यांनी संडास काळी होते, तोंडाला लोखंडाची चव येते, आणि भरीला बाई ती चहाबरोबर घेते, म्हणजे घेतली न घेतली सारखीच. लिंबूपाण्यासोबत घे, जेवणाआधी घे, कॅल्शियमची वेगळ्या वेळी घे, हे सांगायला दोन मिनिटं लागतात. ओपीडीच्या दिवशी ती दोन मिनिटं नसतात.

आळंद भागात बदली झाली तेव्हा तांड्यांवर एक गोष्ट मला पहिल्या महिन्यातच दिसली. तिशी-पस्तिशीच्या बाया, पोटावर आडवी खूण. विचारलं तर उत्तर एकच: पिशवी काढली. कशामुळं? अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची. डॉक्टरांनी फोटो काढला, म्हणाले पिशवी सडलीय, ठेवली तर कॅन्सर होईल. ज्या सोनोग्राफीवर बाळाचं व्यंग दिसतं त्याच सोनोग्राफीचा कागद दाखवून हे सांगितलेलं. कागद इंग्रजीत, बाई लंबाणी बोलणारी, मधे कुणी नाही. कागदावर काय लिहिलंय? मी वाचले काही. एकावर गर्भाशय ‘थोडं मोठं’ एवढंच होतं. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईचं ते असतंच.

२०१५ मध्ये हे बाहेर आलं. कलबुर्गी जिल्ह्यात दोन हजारांहून जास्त बायकांच्या पिशव्या काढल्याचं समोर आलं, त्यात लंबाणी आणि दलित बाया पुष्कळ, आणि चाळिशी न गाठलेल्याही पुष्कळ. काही रुग्णालयांचे परवाने रद्द झाल्याच्या बातम्या आल्या. २०१७ मध्ये त्या बाया स्वतः कलबुर्गीत जिल्हाधिकारी कचेरीसमोर जाऊन बसल्या, कारण पुढं काही होताना दिसत नव्हतं. तिकडं बीडमध्ये ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. २०२३ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानं राज्यांना गर्भाशय काढण्याबाबतच्या मार्गदर्शक सूचना लागू करायला सांगितलं. वर्तमानपत्रात हे सगळं आलं. तांड्यावर जे राहिलं ते वेगळं: बत्तिसाव्या वर्षी अंगातून वाफा येणाऱ्या, रात्री झोप न लागणाऱ्या, हाडं दुखणाऱ्या बाया. काहींची अंडाशयंही पिशवीबरोबर काढलेली होती, पण ती काढली हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्यांच्यातली एक, निवृत्तीच्या आधीच्या वर्षी, आपल्या मुलीला घेऊन उपकेंद्रात आली. मुलीचं लग्न होऊन तीन-चार वर्षं झालेली, दोन लेकरं, तक्रार तीच: पांढरं जातंय, खाज आहे. आईनं खुर्चीवर बसायच्या आधीच सांगितलं, “बाई, पिशवी काढायची न्हाई. तपास कायचा करायचा तो करा.” मी पडदा ओढला, तपासलं. साधा जंतुसंसर्ग. या तक्रारीसाठी सरकारी पुरवठ्यात हिरवं किट येतं, सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल, एका दिवसाचं औषध. मी किट मुलीच्या हातात दिलं, कसं घ्यायचं ते सांगितलं, तीस वर्षं पूर्ण झाली की प्राथमिक केंद्रात गर्भाशयाच्या तोंडाची व्हिनेगारची तपासणी करून घे म्हटलं, आणि ती कशासाठी हेही समजावलं. आईनं किट मुलीच्या हातातून घेतलं, उलटंपालटं केलं.

“किती याचे?”

काही नाही म्हटलं. तिच्या ऑपरेशनसाठी दोन म्हशी विकल्या होत्या. ते तिनं मला सांगितलं, मग सहा वर्षांपूर्वी ज्या दवाखान्यात गेली होती त्याचं नाव घेतलं, आणि तिथले डॉक्टर अजून बसतात का असं विचारलं. बसतात, मी म्हटलं. पंधरा दिवसांनी दोघींनी परत यायचं असं ठरवून मी पुढच्या बाईला आत बोलावलं. पंधराव्या दिवशी त्या आल्या, सोबत तांड्यावरच्या आणखी तिघी.